बालीतल्या कारागिरांच्या गावांत चार दिवस: कुठे थांबायचं, काय विचारायचं, काय आणायचं

मास गावातल्या एका घराच्या ओसरीवर मी पहिल्यांदा मुखवटा घडताना पाहिला. कारागीर जमिनीवर बसला होता आणि लाकडाचा ठोकळा त्यानं दोन्ही तळपायांच्या मध्ये धरला होता. शिकंजा नाही, टेबल नाही. पाय जरा फिरवले की ठोकळा फिरायचा आणि वाकड्या पात्याची सुरी नाकपुडीच्या कडेनं कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ छिलका काढायची. पंधरा-वीस मिनिटं मी नुसती बघत बसले. मग ड्रायव्हरला म्हटलं, विचारा ना, हा कुणासाठी आहे? कारागिरानं सुरी खाली ठेवली, उजव्या हाताचा अंगठा गल्लीच्या टोकाकडे केला (तर्जनी रोखणं तिथे उद्धटपणाचं समजतात) आणि म्हणाला, "पुरा." म्हणजे देऊळ.

त्या प्रश्नानं माझी पुढची सगळी सहल बदलली. बालीत लाकूड, दगड, चांदी, कापड, कातडं, कांसं या सगळ्यांचं पहिलं गिऱ्हाईक देऊळ. पर्यटक फार नंतर आला. रस्त्याकडेच्या दुकानांत शंभर-शंभर सारखे मुखवटे टांगलेले दिसतात, ते त्या नंतरच्या गिऱ्हाइकासाठी. पण आतल्या गल्लीत कुठेतरी गावच्या देवळाचं, उत्सवाचं, नाचाच्या मेळ्याचं काम चालू असतंच, आणि तिथे हात कसलेला असतो. तेव्हा बालीत जिथे जाल तिथे हेच विचारा: "इनी उंतुक सियापा?" हे कुणासाठी? खालचं सगळं मार्गदर्शन या एका प्रश्नाभोवती बेतलेलं आहे.

तारखा ठरवताना बालीचं पंचांग बघा

विमानाचं तिकीट काढण्याआधी ही गोष्ट करा, कारण पुढे ती दुरुस्त करता येत नाही. बालीत दोन कालगणना चालतात. एक शक संवत, तोच आपला शालिवाहन शक. त्याचा वर्षारंभ म्हणजे 'न्येपी', आणि तो गुढीपाडव्याच्या आसपास येतो. २०२६ साली तर दोन्ही एकाच दिवशी, १९ मार्चला. न्येपीला अख्खं बेट चोवीस तास गप्प असतं: दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळही बंद. त्या दिवशी उतरायचं किंवा निघायचं तिकीट काढू नका. मात्र न्येपीच्या आधीचे दोन-तीन आठवडे कारागिरी बघायला फार चांगले. प्रत्येक वस्तीच्या, म्हणजे 'बंजार'च्या, सभामंडपात तरुण पोरं 'ओगोह-ओगोह' नावाचे राक्षसांचे प्रचंड पुतळे बांधत असतात. बांबूचा सांगाडा, वर कागद, मग रंग. गणपतीच्या आधी आपल्याकडे मंडपात रात्री जागतात, अगदी तसं वातावरण. कुणी अडवत नाही, उलट आत बोलावतात.

दुसरी गणना २१० दिवसांची, 'पावुकोन'. गालुंगान आणि त्यानंतर दहा दिवसांनी कुनिंगान हे मोठे सण तिच्यावर येतात. त्या काळात कारागीर आपापल्या गावी आणि देवळात असतात आणि बहुतेक कार्यशाळांना टाळं असतं. देखावा सुंदर, दारोदारी उंच वाकलेले बांबूचे 'पेंजोर', पण काम बघायला मिळणार नाही.

याच गणनेतला एक दिवस मात्र मुद्दाम साधण्यासारखा आहे: 'तुंपक लांडप'. सरस्वतीपूजनानंतर बरोबर दोन आठवड्यांनी येणारा शनिवार. त्या दिवशी लोखंडाची, धातूची पूजा होते. क्रिस नावाचे नागमोडी खंजीर, सोनारांची हत्यारं, लोहारांच्या भट्ट्या, आणि आता मोटारी-स्कूटरसुद्धा. खंडेनवमीला हत्यारं पुजणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कातड्याच्या बाहुल्यांसाठीही असाच एक 'तुंपक वायांग' असतो.

जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत देनपासारला बाली कला महोत्सव भरतो. तिथे हस्तकलांचं मोठं प्रदर्शन असतं. त्या सुमारास जाणार असाल तर गावं बघण्याआधी तिथे एक संध्याकाळ घालवा, डोळा तयार होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीयांना विमानतळावर व्हिसा मिळतो, तीस दिवसांचा, पाच लाख रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन, आपला रुपया नव्हे) भरून. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना दीड लाख रुपियाचं पर्यटन शुल्क आहे. दोन्ही आधी ऑनलाइन भरता येतं. निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर ताजे आकडे बघून घ्या.

मुक्काम उबुदला, आणि ड्रायव्हरशी आधी सरळ बोलणं

समुद्रकिनाऱ्यावर, कुटा-सेमिन्याकला राहून कारागिरांची गावं करायला जाऊ नका. रोज सकाळचे दोन तास गाडीत जातील. उबुदला राहा. मास, बातुआन, चेलुक ही गावं तिथून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत आहेत आणि क्लुंगकुंग साधारण तासाभरावर.

गाडी दिवसाच्या बोलीनं, ड्रायव्हरसकट घ्या. भाडं ठरवताना एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत बोला. देनपासार-उबुद रस्त्यावरची मोठी दालनं गिऱ्हाईक आणणाऱ्या ड्रायव्हरला विक्रीतला वाटा देतात. त्यात लपवाछपवी नाही, तिथली रीतच आहे, आणि ड्रायव्हरच्या घरखर्चाचा तो भाग असतो. पण तुमच्या किमतीत तो धरलेला असतो, आणि तुमचा वेळ काचेच्या कपाटांसमोर जातो. पहिल्या वेळी माझा अर्धा दिवस असाच एका वातानुकूलित दालनात गेला. पुढच्या वेळी मी ड्रायव्हरला म्हटलं, दादा, मला 'तोको' नको, 'बेंगकेल' दाखवा, आणि तुमचं जे बुडेल ते मी भाड्यात वाढवून देते. तोको म्हणजे दुकान, बेंगकेल म्हणजे कारखाना. तो हसला आणि मला थेट आपल्या मावसभावाच्या घरी घेऊन गेला. जास्तीचे दिलेले पैसे सहलीतले सगळ्यात सत्कारणी लागले.

सकाळी साडेआठ-नऊला पहिल्या ओसरीवर पोचा. दुपारी बारा ते दोन काम थंडावतं, आणि चार-साडेचारनंतर माणसं आंघोळीला, देवळाला निघतात. एका दिवशी दोन, फार तर तीन गावं. आठ गावांची यादी घेऊन निघालेल्या माणसाला आठ दुकानं दिसतात.

पहिला दिवस: मास आणि चेलुक

मास हे लाकूडकामाचं गाव, आणि ब्राह्मणांचंही. सोळाव्या शतकात जावाहून आलेले पुरोहित दांग ह्यांग निरार्थ इथे राहिले अशी परंपरा आहे, आणि त्यांच्या नावाशी जोडलेलं पुरा तामान पुले हे देऊळ गावात आहे. आधी तिथे जा. 'पुले' हे झाडाचं नाव, आणि हे झाड आपल्या ओळखीचं आहे: सातवीण, सप्तपर्णी. पुण्यामुंबईत दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी ज्याचा उग्र गोड वास रस्ताभर पसरतो तेच. त्याचं लाकूड हलकं, फिकं, एकसारख्या पोताचं. देवळासाठीचा 'तापेल', म्हणजे मुखवटा, याच लाकडाचा करतात. त्यासाठी सहसा झाड पाडत नाहीत. मुहूर्त बघून, झाडाला नैवेद्य दाखवून, परवानगी मागून खोडाचा एक तुकडा काढून घेतात.

कार्यशाळेत गेलात की काम कुठल्या पायरीवर आहे ते बघा. आधी कुऱ्हाडीनं ढोबळ आकार, मग पटाशी आणि लाकडी ठोकणा, मग सुरी, मग घासणं. सगळ्यात वेळखाऊ भाग रंगाचा. जुन्या पद्धतीत डुकराच्या जबड्याचं हाड जाळून केलेली पांढरी पूड माशाच्या सरसात खलतात आणि तिचे पातळ हात एकावर एक चढवतात, डझनांनी. प्रत्येक थर वाळला की घासायचा. असा मुखवटा उजेडात धरला की कातडीसारखा आतून उजळतो. ॲक्रिलिकचा रंग तसा उजळत नाही, वरूनच चमकतो. दोन्ही शेजारी धरून एकदा बघा, मग तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही.

मासमध्ये इदा बागुस न्याना आणि त्यांचे चिरंजीव इदा बागुस तिलेम या दोघांनी विसाव्या शतकात लाकडाला वेगळंच वळण दिलं. तिलेम तर लाकडाची मुळातली गाठ, पोकळी, वाक तसाच ठेवून त्यातून माणूस काढायचे. त्यांचं काम पाहिलं की देवळाचा कारागीर आणि कलावंत अशी भिंत घालायची आपली सवय तिथे चालत नाही हे कळतं. तीच घराणी, तीच हत्यारं. गावाजवळ 'सेतिया दर्मा' नावाचं मुखवट्यांचं आणि बाहुल्यांचं संग्रहालय आहे, जुन्या लाकडी घरांत मांडलेलं. दुपारचं ऊन तिथे काढा.

मग चेलुक. इथे चांदी. धातूचं काम करणारा समाज 'पांदे' म्हणून ओळखला जातो. लोहार, सोनार, कांस्यकार सगळे यातच. यांचे पुरोहित यांच्यातलेच असतात आणि ब्राह्मण पुरोहिताकडून तीर्थ घेण्याची गरज यांना परंपरेनं नाही. अग्नीशी रोजचा संबंध असलेल्या माणसांचा तो मान आहे.

चेलुकमध्ये एकच गोष्ट नीट बघायची ठरवली तर 'जावान' बघा: चांदीचे राईएवढे, खसखशीएवढे दाणे पत्र्यावर ओळीनं बसवण्याचं काम. मी ज्या बाईंच्या शेजारी बसले होते त्यांच्यापुढे एक खरबरीत दगड होता आणि त्यावर त्या पाण्याचे दोन थेंब टाकून लाल-काळी बी घासत होत्या. मी वाकून पाहिलं तर ती गुंज! आपल्या सोनारांनी जिच्यावर पिढ्यानपिढ्या सोनं तोललं तीच. तिथे ती 'पिलिंग-पिलिंग', आणि तिच्या घासलेल्या चिकाचा उपयोग डिंकासारखा. बारीक ब्रशाच्या टोकाला चिक लावायचा, त्यानं एक दाणा उचलायचा, जागेवर ठेवायचा, पुढचा उचलायचा. सगळे बसले की वरून डाक लावणारी पूड भुरभुरायची आणि झोत मारायचा. चिक जळून जातो, दाणे कायमचे बसतात. एका कर्णफुलावर किती दाणे होते ते मी मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं, त्या मात्र मान वर न करता बसवत राहिल्या. (गुंज विषारी असते, बरोबर लहान मुलं असतील तर तिथली बी हातात देऊ नका.)

चेलुक आणि उबुदमध्ये अर्ध्या दिवसाचे चांदीचे वर्ग असतात. तीन-चार तासांत स्वतःची अंगठी करता येते, चांदीचं वजन किमतीत धरलेलं असतं, जास्त लागली तर ग्रॅमवर आकारतात. मुलं दहा-बाराच्या पुढची असतील तर जरूर करा. वर्ग निवडताना विचारा की कापणं, डाक लावणं, झोत मारणं स्वतःच्या हातानं करायला मिळेल का. काही ठिकाणी तुम्ही नुसते ठसे मारता आणि बाकी सगळं कारागीर करतो.

दुसरा दिवस: बातुआन, पुआया, जाता-जाता बाटुबुलान

बातुआनच्या पुरा पुसेह देवळात इसवी सन १०२२ चा शिलालेख आहे, म्हणजे शके ९४४. देवळात जायला कमरेला सारोंग आणि त्यावर पट्टा लागतो, दाराशी मिळतो. मासिक पाळी चालू असताना देवळात येऊ नये अशी पाटी बहुतेक देवळांवर दिसेल. यजमानांची रीत म्हणून ती पाळावी असं माझं मत. कार्यशाळांत अशी अट नसते.

बातुआनची चित्रं ओळखायला सोपी: काळोखी, गच्च भरलेली, इंचभर जागा मोकळी नाही. १९३० च्या दशकात मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन हे मानववंशशास्त्रज्ञ बालीत काम करत होते. त्यांनी इथल्या चित्रकारांची शेकडो चित्रं जमवली. १९३६ मध्ये उबुदला 'पिता महा' ही कलावंतांची संस्था निघाली, त्यात वॉल्टर स्पीस आणि रुडॉल्फ बॉनेट हे युरोपीय चित्रकारही होते. पण बातुआनची मंडळी आपल्या काळोखाला चिकटून राहिली. चित्रकाराच्या घरी गेलात तर पूर्ण चित्रापेक्षा अर्धवट चित्र मागा. आधी पेन्सिल, मग शाईची रेघ, मग पातळ शाईचे थरावर थर, आणि रंग शेवटी, तोही बेताचा. या शाईला ते 'मांगसी' म्हणतात. आपली संस्कृत मषी.

तिथून पुआया जवळ आहे, सुकावतीचाच भाग. सुकावतीचा कलाबाजार सगळे दाखवतात, तिथे सारोंग आणि पिशव्या स्वस्त मिळतात, तासभर पुरे. पुआयाला मात्र वेळ द्या. इथे कातड्याच्या बाहुल्या होतात, 'वायांग कुलित', आणि नाचाचे मुकुट-पोशाखही. कातडं तासून, ताणून, वाळवून घेतात आणि मग एकामागून एक छिन्न्यांनी त्यात भोकं पाडतात. दाढीची कुरळी, कानातलं, धोतराची नक्षी, सगळं भोकांतून. कारागीर एक बाहुली उचलून दिव्यापुढे धरतो आणि विचारतो, कोण? अर्जुन, भीम, कृष्ण लगेच ओळखू येतात. त्वालेन आणि मर्दा हे विनोदी सेवक ओळखू येत नाहीत. ते मूळ महाभारतात नाहीतच, पण बालीच्या प्रेक्षकांचं सगळ्यात जास्त प्रेम त्यांच्यावर.

इथे मला आपलं पिंगुळी आठवत राहिलं. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाचे कलाकार कातड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी जपून आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. बालीला जाण्याआधी पिंगुळीला जाऊन आलात तर पुआयात तुम्ही विचाराल ते प्रश्न वेगळे असतील, आणि मोबाइलवर पिंगुळीच्या बाहुल्यांचा फोटो दाखवलात तर अख्खं घर गोळा होईल. मी दाखवला होता.

परतण्याआधी बाटुबुलानला अर्धा तास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी राक्षस, गणपती, बुद्ध. ज्यातून हे घडतात तो 'पारास' हा ज्वालामुखीच्या राखेचा करडा दगड इतका मऊ की नवा असताना सहज कापता येतो. मऊ म्हणून तो पावसात लवकर झिजतो, शेवाळतो. झिजतो म्हणून देवळांचं कोरीवकाम पुन्हा पुन्हा नवं करावं लागतं. आणि म्हणूनच पाथरवटाच्या हाताला कधी खंड पडला नाही. घरी नेण्यासारखं इथे काही नाही, वजनच पेलणार नाही.

तिसरा दिवस: क्लुंगकुंगची बाजू

चारपैकी एकच दिवस हाताशी असेल तर मी हाच निवडेन. क्लुंगकुंगचं आताचं नाव स्मारापुरा. इथल्या राजघराण्यानं २८ एप्रिल १९०८ रोजी डच बंदुकांसमोर चालत जाऊन मरण पत्करलं, 'पुपुतान'. राजवाड्याचं फारसं काही उरलं नाही, पण 'कर्ता गोसा' हा न्यायमंडप उभा आहे. त्याच्या छतावर भीम यमलोकी जातो आणि पंडू-माद्रीला सोडवून आणतो ही कथा रंगवलेली आहे. पापाची शिक्षा काय ते आरोपीला मान वर केली की दिसावं. खालच्या ओळीत 'तंत्री' कथा आहेत, आपल्या पंचतंत्राच्या कुळातल्या. मान दुखेपर्यंत बघा, आणि मग दोन-तीन किलोमीटरवरच्या कामासान गावात जा, कारण ही चित्रं तिथल्या शैलीतली आहेत.

कामासानचं कापड नुसतं हाताला लावून बघायची परवानगी मागा. सुती कापडाला तांदळाची खळ देऊन उन्हात वाळवतात आणि मग कवडीनं घोटतात, बांबूच्या दांडीला लावलेल्या मोठ्या कवडीनं, दाबून, पुढे-मागे. कापड कागदासारखं गुळगुळीत होतं. जुने रंग म्हणजे काजळी, हाडाची पांढरी पूड, गेरूसारखी माती, नीळ, शेंदूर. आज पुष्कळ जण बाजारचे रंग वापरतात आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मातीच्या रंगातलं चित्र हवं असेल तर स्पष्ट विचारा, किंमत वेगळी असते. एका घरात अनेकदा पुरुष रेखाटन करतो आणि बायका-मुलं रंग भरतात, तेव्हा "तुम्ही काढलं का?" याचं उत्तर "आम्ही" असं येतं. न्योमान मांद्रा (१९४६–२०१८) यांनी याच गावात पिढ्यांमागून पिढ्या मुलांना हे काम शिकवलं.

तिथून तिहिंगान. हे गाव कानांनी बघायचं. गामेलान वाद्यमेळाच्या घंटा आणि पट्ट्या इथे घडतात, पुन्हा पांदेंच्याच घरी. धातू तांबं आणि कथील यांचं कांसं, साधारण दहाला तीन या प्रमाणात. भट्टीची खोली मुद्दाम अंधारी ठेवतात, कारण तापलेल्या कांशाचा रंग हेच तापमापक. उजेडात तो फसवतो. गोंग घडवताना तीन-चार माणसं आळीपाळीनं घण घालतात, एक जण गोंग फिरवत राहतो. रोज भट्टी पेटतेच असं नाही, तेव्हा आदल्या दिवशी ड्रायव्हरकरवी चौकशी करा. पेटलेली नसली तरी सूर जुळवणं चालू असतंच. ते तर भट्टीपेक्षाही बघण्यासारखं.

एकाच स्वराच्या दोन पट्ट्या मुद्दाम किंचित वेगळ्या ठेवतात. खालच्या सुराची 'पंगुंबांग', वरच्या सुराची 'पंगिसप'. एकटी एकटी वाजवली तर काही कळत नाही. दोन्ही एकदम वाजल्या की आवाज हेलकावे घेतो, थरथरतो. त्या थरथरीला 'ओंबाक' म्हणतात, म्हणजे लाट. कारागीर कानसीनं पट्टीच्या पोटातून चिमूटभर धातू काढतो, पुन्हा वाजवतो, लाट ऐकतो, पुन्हा घासतो. आमच्यासमोर त्यानं हे अकरा वेळा केलं आणि बाराव्या वेळी मान हलवून पट्टी बाजूला ठेवली. आपण सगळे जन्मभर तंबोरा 'लागला' की नाही हे जुळणीवरून ओळखतो. इथे मुद्दाम राखलेल्या फरकावरून ओळखतात. शिवाय प्रत्येक मेळाचा सूर त्याचा त्याचा, एका गावची पट्टी दुसऱ्या गावच्या मेळात चालत नाही. वाद्यांच्या चौकटी बहुतेक फणसाच्या लाकडाच्या. कोकणातल्या माणसानं त्यावर हात फिरवून यावं.

चौथा दिवस: सिडेमन आणि तंगानान

सकाळी लवकर निघा. सिडेमनच्या खोऱ्यात भातखाचरांमधून रस्ता जातो आणि घराघरातून मागाचा आवाज येतो. कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागाला त्या आवाजावरूनच 'चागचाग' म्हणतात. त्यावर सोन्या-रुपेरी जराचं 'सोंगकेट' विणतात, लग्नाला, दात कानशीनं घासून सपाट करण्याच्या संस्कारविधीला नेसायचं. खटक्याच्या मागावर 'एंदेक' होतं. त्यात बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत आधी बांधून रंगवलेलं असतं. २०२१ पासून बालीत दर मंगळवारी एंदेक नेसण्याचं राज्यपालांचं परिपत्रक आहे, त्यामुळे कचेऱ्यांतून ते दिसतं आणि मागाला काम मिळतं.

तंगानान पगरिंगसिंगान हे बाली आगा लोकांचं, म्हणजे जुन्या बालीकरांचं गाव, चांदिदासापासून काही किलोमीटरवर. वेशीवर ऐच्छिक देणगी द्यायची, वहीत नाव लिहायचं. गाव चढावर, दगडी पायऱ्यापायऱ्यांच्या समांतर गल्ल्यांमध्ये वसलेलं. इथलं 'ग्रिंगसिंग' म्हणजे दुहेरी इकत. ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधीच बांधून रंगवायचे आणि विणताना ठिपक्यावर ठिपका आणायचा. जगात हे फार थोड्या ठिकाणी होतं, आणि त्यातलं एक आपल्या शेजारी, गुजरातेतलं पाटण. पाटणचे पटोळे विणणारे साळवी मूळचे जालन्याकडचे अशी त्यांच्यात परंपरा सांगतात. शतकानुशतकं हे पटोळे जहाजांनी इंडोनेशियात जात होते आणि तिथल्या राजघराण्यांत, देवळांत जपले जात होते.

ग्रिंगसिंगचं नाव दोन शब्दांतून आलं असं सांगतात: 'ग्रिंग' आजार, 'सिंग' नाही. ते अंगावर असलं की रोग येत नाही अशी श्रद्धा. सूत आधी कमिरीच्या बियांच्या तेलात दीर्घकाळ भिजवतात, तेव्हाच रंग पकडतो. निळा रंग गावात चढवायचा नाही अशी रीत असल्यानं तो शेजारच्या बुगबुग गावात चढतो. लाल रंग मोरिंडाच्या मुळांचा, म्हणजे आपलं आल किंवा बारतोंडी. लाल एकदाच देऊन भागत नाही, महिन्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा द्यायचा. म्हणून एक कापड पुरं व्हायला वर्षं लागतात.

ओळखायचं कसं? कापड नाकाजवळ घ्या. नक्षीच्या कडा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी किंचित फुटलेल्या दिसल्या पाहिजेत. दशा सुट्या करून बघा: उभ्या सुतावरही रंगाचे टप्पे असतात. आडव्याच सुतावर असतील तर ते एकेरी, बाहेरून आणलेलं. गावात दोन्ही विकतात, आणि विचारलं तर बहुतेक बायका खरं सांगतात: "दि तनुन दि सिनी?" इथे विणलंय का? खऱ्याची किंमत मोठी असते. घासाघीस करू नका. परवडत नसेल तर तसं सांगा आणि बघू द्याल का विचारा. विणकरीण हाडाच्या सुईनं एकेक धागा सरकवून ठिपका जुळवते, ते बघायला पैसे पडत नाहीत, वेळ पडतो.

त्याच गावात ताडपत्रावर सुरीनं अक्षरं कोरून वर जळक्या कमिरीची काजळी चोळणारे भेटतील, आणि 'आता' वेलीच्या टोपल्या करणारेही. टोपली घ्या. दणकट असते आणि सामानात सहज मावते.

बोलणं, खाणं, फोटो

आत शिरताना "ओम स्वस्त्यस्तु" म्हणा. ते त्यांचंच अभिवादन आहे, आणि आपल्या तोंडून ऐकलं की चेहरे खुलतात. निघताना "सुकस्मा". फोटोआधी "बोलेह फोतो?" दारासमोर, पायरीवर, भट्टीपाशी पानाफुलांचे छोटे नैवेद्य ठेवलेले असतात, त्यांवर पाय पडू देऊ नका. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, अगदी लहान मुलाच्याही. पैसे आणि वस्तू उजव्या हातानं. शाकाहारी असाल तर "तानपा तरासी" लक्षात ठेवा: वाळवलेल्या कोळंबीची पेस्ट बहुतेक चटण्यांत असते. तेंपे, टोफू, भाज्या आणि भात सगळीकडे मिळतं.

घेणं आणि घरी आणणं

दुकानात भाव करा, हसत करा. कारागिराच्या ओसरीवर, त्यानं तासभर काम दाखवल्यावर, मी भाव करत नाही. चांदीवर ९२५ चा शिक्का बघा आणि वजन व मजुरी वेगळी करून सांगायला लावा. बिल जपून ठेवा, कस्टममध्ये लागू शकतं. कासवाच्या पाठीच्या, प्रवाळाच्या, हस्तिदंती म्हणून दाखवलेल्या वस्तूंना हातही लावू नका. क्रिस घेतलात तर चेक-इन सामानात.

लाकडाचं मात्र नीट ऐका. बालीची हवा दमट, आणि तिथलं लाकूड नागपूर-औरंगाबादच्या उन्हाळ्यात आलं की चर्रकन तडकतं. घेतानाच लाकूड किती दिवस वाळवलंय ते विचारा आणि हातात घेऊन वजन बघा, ओलं लाकूड जड लागतं. घरी आल्यावर मुखवटा लगेच भिंतीला लावू नका. सुती कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पिशवीचं तोंड रोज थोडं थोडं उघडत दोन-तीन आठवड्यांनी बाहेर काढा. एसी आणि पंख्याच्या थेट झोतात कधीच नाही.

'रांगदा' ही चेटकीण किंवा 'बारोंग' हा राखणदार प्राणी, यांचा मुखवटा घ्यावा का, असं काही जण विचारतात. देवळातला मुखवटा 'पासुपाती' विधी झाल्यावर जिवंत मानतात, तो विकायला नसतोच. विकायचे मुखवटे त्या विधीविना केलेले असतात, ते निःशंक घ्या.

आणि मनासारखं काम हवं असेल तर तयार वस्तू घेण्याऐवजी सांगून करवून घ्या. चित्र असो, मुखवटा असो, चांदीचा डबा असो: माप, रंग, लाकूड कागदावर लिहून द्या, अर्धे पैसे आगाऊ, पाठवणीचा खर्च आणि विमा आधी ठरवून. कारागीर तीन महिने म्हणाला तर पंचांग काढून मध्ये गालुंगान येतंय का बघा. येत असेल तर तीन आठवडे वाढवूनच धरा. त्या दिवसांत तो देवळाचं काम करत असणार.